मिनीव्हॅन: जुन्या खासदाराला आव्हान देणाऱ्या मोहिमेत हे ॲप कुठवर साथ देतं

अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारासाठी दारोदार फिरणाऱ्या बहुतेक स्वयंसेवकांच्या फोनवर मिनीव्हॅन असतं. एनजीपी व्हॅन या कंपनीकडे मतदारांच्या माहितीची जी मोठी प्रणाली आहे (तिलाच थोडक्यात व्हॅन म्हणतात), ती रस्त्यावर नेण्याचं हे साधन. स्वयंसेवकाला ॲप फुकट मिळतं आणि ते आयफोन व अँड्रॉइड दोन्हींवर चालतं. पैसे मोजावे लागतात ते मोहिमेला, मागच्या व्हॅनसाठी. हे परीक्षण एका विशिष्ट ग्राहकासाठी आहे: स्वतःच्याच पक्षाच्या, अनेक मुदती निवडून आलेल्या खासदाराविरुद्ध प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, उतरलेला उमेदवार आणि त्याची तुटपुंज्या पैशांवर चालणारी टीम. न्यू जर्सी, मिशिगन, बे एरियातले जे मराठी लोक अशा मोहिमेत पहिल्यांदा हात घालणार असतील, त्यांना यातले खाचखळगे आधी कळलेले बरे.

आमचा निकाल आधीच सांगतो. दारावरचं साधन म्हणून पाचपैकी चार तारे. आव्हानवीराच्या मोहिमेचा कणा म्हणून पाचपैकी तीनच. कारण दोन आहेत. व्हॅनचा दरवाजा उघडायचा की नाही, हे बऱ्याच राज्यांत पक्षाच्या हातात असतं. आणि नेहमीच्या पद्धतीने यादी काढली, तर ती जुन्या खासदाराला मतं देत आलेल्या माणसांचीच निघते. पहिली गोष्ट तुमच्या हातात फारशी नाही. दुसरी पूर्णपणे आहे, आणि तिच्याकडेच सर्वात जास्त दुर्लक्ष होतं.

आधी ते चालतं कसं ते पाहू. मोहिमेच्या कार्यालयात बसलेला संयोजक संगणकावर व्हॅन उघडून चाळण्या लावतो: मतदारसंघ, पक्षनोंदणी, वय, मागच्या कोणत्या निवडणुकांत मतदान केलं, वगैरे. हाती आलेली यादी नकाशावर पसरते. मग तो बोटाने रेघा ओढून तिचे तुकडे पाडतो. याला टर्फ कापणं म्हणतात. प्रत्येक टर्फला एक लांबलचक क्रमांक मिळतो. स्वयंसेवक ॲपमध्ये लॉगिन करून तो क्रमांक टाकतो आणि त्याच्या वाट्याची घरं फोनवर उतरतात. प्रत्येक घरात कोण मतदार राहतात, त्यांचं वय काय, त्यांना काय विचारायचं, सगळं समोर दिसतं. दारावर जे घडलं त्याची नोंद एका टिचकीत होते: घरी नाही, बोलायला नकार, घर सोडून गेले, आत शिरता आलं नाही, दुसरी भाषा बोलतात. बोलणं झालंच तर पाठिंब्याचा आकडा द्यायचा. सर्वसाधारण रीत अशी की 1 म्हणजे पक्का आपला, 3 म्हणजे अनिर्णित, 5 म्हणजे पक्का विरोधी. संध्याकाळी सगळ्या फोनवरचा माल व्हॅनमध्ये जमा होतो आणि दुसऱ्या दिवशी कुठे जायचं ते ठरतं.

यातलं सर्वात चांगलं म्हणजे यादी एकदा उतरवली की नेटवर्क नसलं तरी काम अडत नाही. तळघरातल्या सदनिका, लिफ्ट, डोंगरातली गावं, कुठेही नोंदी होत राहतात आणि नेट आलं की वर जातात. कागदाच्या याद्यांवर रात्री दोन-दोन तास आकडे भरत बसण्याचं काम या ॲपने संपवलं, हे त्याचं मोठं देणं आहे.

पण त्या चाळण्यांपाशी थांबायला हवं. प्रायमरीला मतदान कमी होतं, म्हणून नवखा संयोजक पैसा आणि वेळ वाचवायला गेल्या तीनही प्रायमरींत मतदान केलेल्यांचीच यादी काढतो. न्यूयॉर्ककडे या मतदारांना ‘ट्रिपल प्राइम’ म्हणतात. ते मतदानाला येणार हे नक्की, म्हणून यादी शहाणपणाची वाटते. पण हीच माणसं वीस वर्षं त्या खासदाराला ओळखतात. त्याच्या कार्यालयाने त्यांच्या आईचं पेन्शन सोडवलेलं असतं, भाच्याचा व्हिसा मार्गी लावलेला असतो. त्यांच्यातले काही वळतात, पण फक्त त्यांच्या जोरावर जिंकणं फार कठीण. आव्हानवीराने यादी निदान तीन थरांत काढावी. पहिला थर ट्रिपल प्राइमचा, पण त्यातले तरुण आणि मतदारसंघात अलीकडे राहायला आलेले. दुसरा, नोव्हेंबरच्या मोठ्या निवडणुकीत मतदान करणारे पण प्रायमरी चुकवणारे. तिसरा, गेल्या दोन वर्षांत नव्याने नोंदणी झालेले. दुसरा थर सर्वात मोठा आणि सर्वात कष्टाचा. त्यांना आधी निवडणूक आहे हेच सांगावं लागतं, तारीख सांगावी लागते, उमेदवाराचं नाव त्यानंतर.

26 जून 2018 ला न्यूयॉर्कच्या 14 व्या मतदारसंघात काय झालं ते या संदर्भात पाहण्यासारखं आहे. ब्राँक्स आणि क्वीन्सचा हा भाग. जो क्रॉली 1999 पासून खासदार, पक्षाच्या प्रतिनिधीगृहातल्या नेतृत्वात चौथ्या क्रमांकावर, आणि 2004 नंतर त्यांच्याविरुद्ध प्रायमरीत कोणी उभंच राहिलेलं नव्हतं. अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ यांना 16,898 मतं पडली, क्रॉलींना 12,880. लाखोंच्या वस्तीत एकूण मतदान तीस हजारांच्या आसपास. इतक्या कमी मतदानात काही हजार नवे मतदार बाहेर काढले तर गणित उलटतं. ज्याच्यासमोर चौदा वर्षं प्रायमरीत कोणी नव्हतं, त्याच्या मतदारांनाही त्या दिवशी घराबाहेर पडायची सवय राहिलेली नसते, हाही त्यातला एक भाग.

त्याच मोहिमेत मिनीव्हॅनची दुसरी मर्यादा उघडी पडली. ब्राँक्स-क्वीन्समध्ये दार ठोठावायचं म्हणजे आधी इमारतीचं मुख्य दार उघडायला हवं. ते कुलूपबंद असतं. स्वयंसेवक भुयारी रेल्वेच्या पायऱ्यांशी, किराणा दुकानाबाहेर, बागेत उभे राहून लोकांशी बोलत. पण समोरचा माणूस नोंदणीकृत डेमोक्रॅट आहे का, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता, कारण मिनीव्हॅन यादीतून माणसाकडे जातं, माणसाकडून यादीकडे येत नाही. न्यूयॉर्कची प्रायमरी बंदिस्त आहे, पक्षात नोंद नसेल तर मत देताच येत नाही. म्हणून त्या मोहिमेतल्या स्वयंसेवकांनीच ‘रीच’ नावाचं ॲप तयार केलं. नाव विचारा, टाइप करा, यादीत सापडला तर तिथल्या तिथे नोंद. पुढे ते स्वतंत्र उत्पादन म्हणून इतर मोहिमांनाही मिळू लागलं.

दाट वस्तीच्या शहरात दोन्ही ॲप हवीत, असं आमचं स्पष्ट मत आहे. उपनगरात, जिथे प्रत्येक घराला अंगण आणि स्वतःचं दार आहे, तिथे मिनीव्हॅन एकटं पुरतं. रीच वापरताना नावांचा एक घोळ लक्षात ठेवा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. नोंदणीच्या अर्जात ते कधी मधल्या रकान्यात जातं, कधी आडनावाला चिकटतं, कधी गाळलं जातं. लग्नानंतर पासपोर्टवर एक नाव आणि मतदार यादीत दुसरं, असंही होतं. आडनावाने सापडलं नाही तर पहिलं नाव आणि रस्ता टाकून पाहा, ‘यादीत नाही’ असं लगेच ठरवू नका. व्हॅनमध्ये वंशाचे जे अंदाज दिसतात ते बरेचसे नावावरून बांधलेले असतात. फर्नांडिस किंवा पिंटो आडनावाचा गोव्याचा माणूस त्यात स्पॅनिशभाषकांच्या खात्यात जाऊ शकतो आणि त्याच्या दारी भलत्याच भाषेचं पत्रक पोहोचतं. भारतीय मतदारांची यादी काढायची असेल तर मॉडेलवर विसंबू नका. त्या भागात राहणाऱ्या चार माणसांना बसवून यादी डोळ्याखालून घालून घ्या.

आता प्रत्यक्ष फिरण्याचं. तीन तासांच्या एका फेरीला उपनगरात 45 ते 50 दारं, हा ठोकताळा धरावा. त्यातली चार-पाचांतली एक उघडते. म्हणजे दहा-अकरा संभाषणं आणि त्यांतून, मोहीम बरी चालली असेल तर, चार पक्के पाठीराखे. या हिशेबाने 5,000 पाठीराखे दारावरून जमवायचे असतील तर 1,250 फेऱ्या लागतील. पंचवीस आठवडे हातात असतील तर दर आठवड्याला पन्नास. हा आकडा मोहीम सुरू करण्याआधी कागदावर मांडावा. बऱ्याच मोहिमा सहा आठवडे उरल्यावर मांडतात आणि तोवर उत्तर काहीही आलं तरी उपयोग नसतो.

बिघडतं काय? सर्वात जास्त बिघडतं ते सिंक न करण्यामुळे, म्हणजे फोनवरच्या नोंदी व्हॅनमध्ये न चढवल्यामुळे. फेरी संपली, स्वयंसेवक घरी गेला, फोन बंद झाला, आणि दुसऱ्या दिवशी तीच घरं दुसऱ्याच्या यादीत. तीच बाई दोन दिवसांत दोनदा दार उघडते आणि चिडते. निघताना प्रत्येकाच्या फोनवर सिंक झालंय हे एकाने डोळ्यांनी पाहायचं, हा नियम करा. दुसरं, यादी कार्यालयाच्या वायफायवर आणि निघण्याआधीच उतरवा. तिसरी चूक जास्त महागात पडते: दारावर नवऱ्याशी बोलणं झालं आणि घरातल्या चारही मतदारांना 1 दिला. घर एक असलं तरी मतं चार आहेत. ज्याच्याशी बोललात त्याचीच नोंद करायची. चौथी, गोड बोलणाऱ्या प्रत्येकाला 1 देणं. “हो हो, बघू” म्हणजे 3. “कधी आहे मतदान, कुठे जायचं?” असं स्वतःहून विचारलं तर 1. पहिल्या महिन्यात 1 दिलेल्यांपैकी काहींना वेगळ्या स्वयंसेवकाने फोन करून पडताळा घ्या. निम्मे गळले, तर तुमचं प्रशिक्षण चुकतंय, मतदार नव्हे.

आणखी एक गोष्ट नव्या माणसाला कोणीच सांगत नाही. पत्रक दाराच्या कडीत अडकवा, दाराखालून सरकवा, पण टपालपेटीत टाकू नका. तिकीट न लावलेला मजकूर टपालपेटीत टाकणं हे संघीय कायद्याने निषिद्ध आहे आणि तक्रार झाली तर भुर्दंड मोहिमेवर येतो.

व्हॅन विकत घेताना काय अडतं, ते थोडं तपशिलाने सांगायला हवं. बहुतेक ठिकाणी ही प्रणाली राज्य पक्षामार्फत मिळते. काही राज्यांत पक्ष सगळ्या डेमोक्रॅट उमेदवारांना एकाच दराने देतो, काही ठिकाणी विद्यमान खासदाराविरुद्ध उभं राहणाऱ्याला वाट पाहायला लावतात. 2016 मध्ये फ्लोरिडात डेबी वासरमन शुल्ट्झ यांच्याविरुद्ध उभे राहिलेले टिम कनोव्हा यांना पक्षाने आधी प्रवेश नाकारला होता, ओरड झाल्यावर दिला. तोवर हातचे आठवडे गेलेले असतात. 2019 मध्ये पक्षाच्या काँग्रेस प्रचार समितीने विद्यमान खासदारांविरुद्ध काम करणाऱ्या सल्लागारांना आणि कंपन्यांना आपलं काम न देण्याचं धोरण जाहीर केलं. 2021 मध्ये ते मागे घेतलं. कागदावरून ते गेलं, पण सल्लागार अजूनही कुणाचा रोष ओढवायचा याचा विचार करूनच फोन उचलतात. म्हणून उमेदवारी जाहीर करण्याआधीच राज्य पक्षाला लेखी विचारा: दर काय, आव्हानवीराला तोच दर का, प्रवेश किती दिवसांत, आणि आम्ही गोळा केलेल्या नोंदी दुसऱ्या कोणाला दिसतील का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका. नकार आलाच तर राज्याच्या किंवा काउंटीच्या निवडणूक कार्यालयाकडून मतदार यादी घ्या आणि दुसऱ्या कंपनीच्या साधनात भरा. मागच्या मोहिमांनी गोळा केलेल्या नोंदी त्यात मिळणार नाहीत, पण काम थांबत नाही.

पक्षनोंदणीच्या रकान्यावर किती भरवसा ठेवायचा, तेही राज्यावर अवलंबून आहे. न्यूयॉर्कमध्ये तो सरकारी आणि पक्का. 2018 च्या प्रायमरीसाठी आधीच नोंदणी असलेल्या मतदाराला पक्ष बदलायची शेवटची तारीख ऑक्टोबर 2017 होती, म्हणजे मतदानाच्या आठ महिने आधी. नंतर कायदा बदलून ती मुदत प्रायमरीच्याच वर्षाच्या फेब्रुवारीपर्यंत आली. मिशिगनमध्ये मतदार पक्षाने नोंदवलेच जात नाहीत. तिथे व्हॅनमध्ये दिसतो तो माणूस डेमोक्रॅट असण्याच्या शक्यतेचा अंदाजी गुण, 0 ते 100 मधला. 50 ते 70 मधल्या माणसाकडे जायचं की नाही, हे गुण सांगत नाही. एखाद्या टर्फमध्ये दोन फेऱ्या करून स्वतः ताडून पाहावं लागतं.

मिशिगनचा विषय निघालाच आहे तर तिथला धडा सांगायलाच हवा, कारण तो आपल्याला जवळचा आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार डेट्रॉइट परिसरातल्या 13 व्या मतदारसंघातून 2022 मध्ये निवडून आले. ते काही जुने खासदार नव्हेत, पण 2024 मध्ये त्यांच्याविरुद्ध अ‍ॅडम हॉलियर उभे राहिले आणि मतदानाआधीच मतपत्रिकेवरून बाहेर गेले. मतपत्रिकेवर नाव येण्यासाठी प्रतिनिधीगृहाच्या उमेदवाराला तिथे मतदारांच्या 1,000 वैध सह्या लागतात. ठाणेदारांच्या मोहिमेने आक्षेप घेतला, छाननी झाली आणि वैध सह्या हजाराच्या खाली निघाल्या. जुन्या खासदारालाही हे चुकलेलं नाही. 1965 पासून काँग्रेसमध्ये असलेले जॉन कॉनयर्स 2014 मध्ये डेट्रॉइटच्याच 13 व्या मतदारसंघात असेच बाद ठरवले गेले, कारण सह्या गोळा करणारे काही जण स्वतः नोंदणीकृत मतदार नव्हते. त्यांना संघीय न्यायालयाने परत आणलं. आव्हानवीराकडे तसा वकील आणि तितका वेळ बहुधा नसतो.

मिनीव्हॅन या कामात थेट काही करत नाही, ही त्यातली खरी उणीव. पण व्हॅनचा वापर करता येतो. रोज रात्री त्या दिवसाच्या सह्या यादीत एकेक करून तपासा: मतदार मतदारसंघातला आहे का, पत्ता जुळतो का, तारीख घातली आहे का, गोळा करणाऱ्याने स्वतःची सही शेवटच्या सहीच्या तारखेला किंवा त्यानंतर केली आहे का. आठवड्याला चूक किती टक्के येते ते लिहून ठेवा. हजार लागत असतील तर अठराशे, म्हणजे कायदा मुभा देतो तिथवर जास्त, असं लक्ष्य ठेवा. मिशिगनमध्ये वरची मर्यादा 2,000 आहे, म्हणून भरताना निवडून भरा, गठ्ठा उचलून देऊ नका. न्यूयॉर्कमध्ये 1,250 लागतात आणि तिथे मतदाराने एका पदासाठी दोघांच्या अर्जावर सही केली तर आधीची धरली जाते. म्हणजे पहिल्या दिवसापासून रस्त्यावर असणं भागच आहे. पैसे देऊन सह्या गोळा करून घेणाऱ्यांवर विसंबायचं असेल, तर प्रत्येक गठ्ठ्यातल्या निदान शंभर सह्या स्वतः तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

देणग्यांसाठी ॲक्टब्लू हे ऑनलाइन देणगी जमवण्याचं साधन घेतलं जातं. त्याबद्दल फार लिहायला नको, ते चोख आहे. प्रत्येक देणगीवर 3.95 टक्के जातात, म्हणजे 27 डॉलरमागे साधारण एक डॉलर सात सेंट. दरमहा देणगीची सोय नीट चालते आणि नोकरी-व्यवसायाची माहिती ते स्वतःच विचारून घेतं, जी 200 डॉलरवरच्या देणगीदारांसाठी निवडणूक आयोगाला द्यावी लागते. मराठी मंडळींच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी हमखास चुकतात. एच-1बी किंवा इतर तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला एक डॉलरही देता येत नाही. ग्रीन कार्ड असेल तर देता येतं. व्हिसावरच्या माणसाला बिनपगारी स्वयंसेवक म्हणून फिरता येतं, पण मोहिमेचा पैसा कसा खर्च करायचा या निर्णयात त्याने बसायचं नाही. दुसरं, कंपनीच्या कार्डावरून पैसे घेता येत नाहीत, मग कंपनी स्वतःची का असेना. 2025-26 साठी एका माणसाला एका निवडणुकीला 3,500 डॉलर देता येतात. प्रायमरी आणि नोव्हेंबर या वेगळ्या निवडणुका आहेत. एखाद्याने 7,000 दिले आणि प्रायमरी हरली, तर नोव्हेंबरचे 3,500 परत करावे लागतात. ते खर्चून बसलेली मोहीम नंतर अडचणीत येते.

घ्यावं की नाही? मतदारसंघात स्वतंत्र घरं जास्त असतील, पक्षनोंदणी असलेलं राज्य असेल आणि दर आठवड्याला निदान वीस फेऱ्या होणार असतील, तर व्हॅन आणि मिनीव्हॅन बिनधास्त घ्या. शहर दाट असेल तर रीच जोडा. आठवड्याला पाचच माणसं येत असतील, तर व्हॅनचे पैसे आधी सह्यांच्या तपासणीवर आणि एका पगारी संयोजकावर खर्च करा, पाच जणांचं काम कागदाच्या यादीवरही होतं.

घेतलंत तर एक काम मतदानाच्या आधीच्याच आठवड्यात करून टाका: सगळ्या नोंदी, म्हणजे पाठिंब्याचे आकडे, टिपणं, स्वयंसेवकांची नावं, स्वतःकडे फाइल करून उतरवून घ्या. करार संपला की प्रवेश बंद होतो. कॅलिफोर्नियात रो खन्ना 2014 मध्ये माइक होंडा यांच्याकडून हरले आणि 2016 मध्ये जिंकले. मिसूरीत कोरी बुश विल्यम लेसी क्ले यांच्याकडून 2018 मध्ये हरल्या आणि 2020 मध्ये जिंकल्या. इलिनॉयमध्ये मरी न्यूमन यांचंही डॅन लिपिन्स्की यांच्याविरुद्ध त्याच दोन वर्षांत तसंच झालं. पहिल्या खेपेला हजारो दारांवर मिळालेली उत्तरं हातात नसतील, तर दुसरी खेप पुन्हा शून्यातून सुरू करावी लागते.